छंदाचं सॉफ्टवेअर आणि आपले पासवर्ड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लाइट सिम्युलेटरवर विमानं उडवणारे, गेमला मॉड (हौशींनी केलेले बदल) जोडणारे, छोट्या निर्मात्यांकडून ॲड-ऑन (वरून जोडायचे भाग) विकत घेणारे, अशा सगळ्यांसाठी हे पान आहे. मध्यभागी २०१८ चं फ्लाइट सिम लॅब्सचं प्रकरण ठेवलं आहे. त्यात कोणती फाइल होती, ती काय करायची आणि कंपनीनं काय कबूल केलं, हे सगळं उघड झालेलं आहे. आपल्याच कॉम्प्युटरवर काही गडबड झाल्याचा संशय असेल तर बाकीचं नंतर वाचा. आधी "पासवर्ड गेल्याचा संशय आहे" हा प्रश्न गाठा.

२०१८ मध्ये नेमकं काय घडलं?

फ्लाइट सिम लॅब्स ही कंपनी सिम्युलेटरसाठी एअरबस ए३२० चं ॲड-ऑन विकते. लॉकहीड मार्टिनच्या प्रीपेअर्ड (Prepar3D) या सिम्युलेटरवर ते चालायचं. खऱ्या विमानाच्या यंत्रणा त्यात बारकाईनं उतरवलेल्या असल्यामुळे गंभीरपणे सिम करणाऱ्यांत त्याला मान होता. भारतातल्या देशांतर्गत उड्डाणांचा मोठा भार ए३२० कुटुंबातल्याच विमानांवर आहे. त्यामुळे मुंबई-गोवा किंवा पुणे-दिल्ली उडवायचं म्हटलं की इथल्या हौशी मंडळींनाही हेच विमान हवं असतं.

१८ फेब्रुवारी २०१८ ला एका वापरकर्त्यानं दाखवून दिलं की या ॲड-ऑनच्या इन्स्टॉलरमध्ये 'टेस्ट.ईएक्सई' नावाची फाइल आहे. नाव साधं, काम भयंकर. सिक्युरिटी-एक्सप्लोडेड या संकेतस्थळावर मिळणारं 'क्रोम पासवर्ड डम्प' हे टूलच नाव बदलून आत ठेवलं होतं. क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड उलगडून काढणं, एवढंच त्याचं काम. फायडस या सुरक्षा कंपनीनं इन्स्टॉलर तपासला. टूल चालल्यावर मिळालेली माहिती बेस-64 मध्ये बदलून साध्या एचटीटीपीवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जाते, असं त्यात दिसलं.

अशा टूलनं काढलेली यादी डोळ्यांसमोर आणून बघा. एका ओळीत संकेतस्थळाचा पत्ता, त्यापुढे युजरनेम, त्यापुढे पासवर्ड. वीजबिल, रेल्वेचं तिकीट, मुलांच्या शाळेची फी, घरातल्यांचा ईमेल. सगळं वाचता येईल असं, ओळीखाली ओळ.

मग पैसे भरून घेतलेल्या सगळ्यांचे पासवर्ड गेले का?

नाही. कंपनीचं म्हणणं असं की फाइल सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर उतरत असली तरी ती चालायची ती एका ठरावीक क्रॅकरनं वापरलेला सिरीयल नंबर दिसला तरच. हा माणूस ॲड-ऑनचं कुलूप तोडून बनावट सिरीयल पसरवत होता आणि त्याचा माग काढायचा होता, असं कंपनीच्या प्रमुखानं लिहिलं. कायदेशीर ग्राहकांचे पासवर्ड गेल्याचा पुरावा पुढे आला नाही. त्या काळातले खरे ग्राहक असाल, तर घाबरण्यापेक्षा एकदा पासवर्ड बदलून टाकणं पुरेसं होतं.

चोर पकडायलाच केलं ना? मग एवढं चिडण्यासारखं काय?

हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, हत्यार फक्त चोराच्या घरी गेलं नव्हतं, ते प्रत्येक ग्राहकाच्या घरी गेलं होतं. ते चालायचं की नाही, हे ठरवणारी एक अट प्रोग्रॅममध्ये लिहिली होती. ती अट ग्राहकाला दिसत नव्हती, तपासता येत नव्हती, तिच्याबद्दल कुणी त्याला सांगितलंही नव्हतं. प्रोग्रॅममधल्या अटी चुकतात, यादीत भलताच नंबर जातो, एखाद्याचा खरा सिरीयल चोरून दुसराच वापरतो. सॉफ्टवेअरमध्ये हे रोज घडतं. इथे तसं घडलं असतं तर चोर सोडून संन्याशाला फाशी झाली असती.

दुसरी गोष्ट, क्रोममधले पासवर्ड फक्त इन्स्टॉल करणाऱ्याचे नसतात. घरात एकच कॉम्प्युटर आणि एकच विंडोज खातं असेल तर आईच्या पेन्शनचा, बायकोच्या ऑफिसचा, ताईच्या कॉलेजचा पासवर्ड तिथेच असतो. क्रॅक वापरणाऱ्याच्या घरातल्या या माणसांनी कुणाचं काय चोरलं होतं?

तिसरी गोष्ट पाठवण्याची. एचटीटीपीला कुलूप नसतं. वाटेतलं कुणीही, म्हणजे हॉटेलचं वाय-फाय, हॉस्टेलचं नेटवर्क किंवा बिघडलेला राउटर, ती माहिती वाचू शकतं. चोराचे म्हणून गोळा केलेले पासवर्ड वाटेत तिसऱ्याच चोराला मिळू शकत होते.

आणि चौथी गोष्ट, कंपनीनं स्वतःच सांगितलं की मिळालेली माहिती कायदेशीर लढाईत वापरणार आहोत. दुसऱ्याच्या पासवर्डनं तिसऱ्याच संकेतस्थळात शिरून पुरावा मिळवणं हा स्वतःच गुन्हा ठरू शकतो. चोरी झाली तर तक्रार करायची असते, त्याच्या घराची किल्ली बनवायची नसते.

क्रोममध्ये ठेवलेले पासवर्ड इतक्या सहज बाहेर कसे येतात? ते कुलूपबंद नसतात का?

असतात, पण किल्ली त्याच खोलीत टांगलेली असते.

विंडोजवर क्रोम पासवर्ड 'लॉगिन डेटा' नावाच्या फाइलमध्ये ठेवतं. ही एसक्यूलाइट प्रकारच्या डेटाबेसची साधी फाइल आहे आणि वापरकर्त्याच्या ॲपडेटा फोल्डरात असते. पासवर्डचा रकाना विंडोजच्याच डीपीएपीआय या यंत्रणेनं कूटबद्ध केलेला असायचा. ही यंत्रणा एकच प्रश्न विचारते, 'मागणारा प्रोग्रॅम याच वापरकर्त्याच्या नावानं चालतोय का?' तुम्ही इन्स्टॉलर चालवला की तो तुमच्याच नावानं चालतो. त्यानं मागितलं की विंडोज उलगडून देतं. ना पासवर्ड विचारला जातो, ना खिडकी उघडते.

फेब्रुवारी २०२० मधल्या क्रोम ८० पासून पद्धत बदलली. पासवर्ड एईएस या कूटलेखन पद्धतीच्या किल्लीनं बंद होऊ लागले, पण ती किल्ली शेजारच्या 'लोकल स्टेट' फाइलमध्ये, पुन्हा डीपीएपीआयच्याच भरवशावर. चोरांना एक पायरी वाढली, एवढंच. जुलै २०२४ मधल्या क्रोम १२७ मध्ये गूगलनं मागणारा प्रोग्रॅम खरंच क्रोम आहे का, हे तपासणारी नवी व्यवस्था आणली आणि सुरुवात कुकीजपासून (तुम्ही लॉगिन केलेलं आहे हे संकेतस्थळाला सांगणाऱ्या छोट्या नोंदींपासून) केली. ही सुधारणा खरी आहे. मात्र ॲडमिन हक्क मिळालेल्या प्रोग्रॅमपुढे ती टिकेलच असं नाही आणि ॲड-ऑनचे इन्स्टॉलर बहुतेक वेळा ॲडमिन हक्कच मागतात.

फायरफॉक्समध्ये 'प्रायमरी पासवर्ड' ठेवायची सोय आहे. तो ठेवला असेल तर नुसती फाइल पळवून काही हाती लागत नाही. न ठेवला तर तिथेही तीच कथा.

बेस-64 म्हणजे कूटलेखनच ना?

नाही. तीन बाइटची चार अक्षरं करून लिहायची पद्धत, एवढंच ते आहे. परत फिरवायला कुठलीही किल्ली लागत नाही. मोडी लिपीत लिहिलेल्या कागदाला कुलूप लावलं असं कुणी म्हणत नाही, तसंच हे.

अँटीव्हायरस कुठे होता?

बऱ्याच ठिकाणी तो बंद होता, आणि या प्रकरणातली सगळ्यात जास्त सल आम्हाला इथेच आहे.

सिम्युलेटरच्या छंदात 'इन्स्टॉल करण्याआधी अँटीव्हायरस बंद करा' किंवा 'हे फोल्डर वगळा' ही सूचना अंगवळणी पडलेली आहे. तिला खरी कारणंही आहेत. लायसन्स तपासणारे भाग स्वतःला लपवून ठेवतात, त्यामुळे ते संशयास्पद दिसतात. शिवाय हजारो छोट्या टेक्श्चर फाइल (विमानाच्या आणि जमिनीच्या पृष्ठभागांची चित्रं) तपासताना लोडिंग रेंगाळतं. लोक ही सूचना पाळतात कारण निर्माता ओळखीचा असतो, त्याच्याशी बोलणं झालेलं असतं, तो आपल्यातलाच वाटतो. त्या भरवशावर दार उघडं ठेवलं आणि त्याच दारातून पासवर्ड काढणारं टूल आत आलं. कुंपणानंच शेत खाल्लं की दुसऱ्या प्रामाणिक निर्मात्याचं 'बंद करा' सुद्धा लोक ऐकत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

सिम्युलेटरचं फोल्डर वगळायचंच असेल तर इन्स्टॉल पूर्ण झाल्यावर, फाइल एकदा तपासून झाल्यावर वगळा. इन्स्टॉल होत असताना नाही. अख्खा अँटीव्हायरस बंद करायची गरज कधीच नसते. डाउनलोड आणि टेम्प ही फोल्डरं तर वगळूच नका, कारण अशा फाइल तात्पुरत्या तिथेच उतरतात.

पासवर्ड गेल्याचा संशय आहे. आत्ता, या क्षणी काय करू?

क्रम महत्त्वाचा आहे. लोक चुकतात ते इथेच. त्याच कॉम्प्युटरवर बसून पासवर्ड बदलतात आणि नवे पासवर्डही चोराला मिळतात.

१. नेट तोडा. केबल काढा किंवा वाय-फाय बंद करा. कॉम्प्युटर बंद केला नाही तरी चालेल.

२. दुसरं, स्वच्छ उपकरण घ्या. फोन चालेल. सगळ्यात आधी मुख्य ईमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकी प्रत्येक ठिकाणचा 'पासवर्ड विसरलात?' तिथेच येऊन पडतो.

३. ईमेलच्या सेटिंगमध्ये दोन जागा बघा. एक, रिकव्हरीचा फोन आणि पर्यायी ईमेल तुमचाच आहे ना. दोन, फॉरवर्डिंग आणि फिल्टरमध्ये अनोळखी पत्ता घुसलेला नाही ना. पासवर्ड बदलला तरी फॉरवर्डिंग चालूच राहतं.

४. 'तुमची डिव्हाइसेस'मध्ये जाऊन सगळीकडून साइन आउट करा. पासवर्डबरोबर कुकीजही गेल्या असतील तर चोराला पासवर्ड टाकायचीच गरज नसते. दुहेरी पडताळणी सुद्धा त्याला अडवत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं तो आधीच आत आहे.

५. आता नेट-बँकिंग, डीमॅट, डिजिलॉकर, सोशल मीडिया, खरेदीची संकेतस्थळं, याच क्रमानं. एकच पासवर्ड चार ठिकाणी वापरला असेल तर चारही ठिकाणी वेगळा द्या.

६. दुहेरी पडताळणी चालू करा. एसएमएसपेक्षा ऑथेंटिकेटर ॲप बरं.

७. मग कॉम्प्युटर. इन्स्टॉलरची फाइल पुसू नका, पेन ड्राइव्हवर काढून ठेवा, पुरावा म्हणून लागेल. पावती आणि डाउनलोडची तारीखही. मग विंडोज डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन तपासणी होते, पंधरा-वीस मिनिटं धरा. ॲडमिन हक्क दिले असतील तर खरा उपाय म्हणजे विंडोज नव्यानं टाकणं. आळस येतो, पण अर्ध्या दिवसाचं काम आहे.

८. सगळं स्वच्छ झाल्यावर ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड काढून वेगळ्या पासवर्ड मॅनेजरमध्ये न्या. कीपास किंवा बिटवॉर्डन, दोन्ही चालतील. मास्टर पासवर्ड टाकल्याशिवाय ते उघडत नाहीत आणि वापर झाला की पुन्हा बंद करता येतात. ब्राउझरमधून काढलेली सीएसव्ही फाइल काम झाल्यावर पुसायला विसरू नका, ती उघड्या अक्षरांत असते.

तक्रार कुठे करायची? कायदा काय म्हणतो?

पैसे गेले असतील तर १९३० ही राष्ट्रीय हेल्पलाइन, तेही लगेच, कारण रक्कम पुढे सरकायच्या आत अडवता येते. पैसे गेले नसले तरी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. बँकेला लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा व्यवहारात बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार येत नाही. म्हणून 'सोमवारी बघू' असं करू नका.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटरमधली माहिती काढून घेणं येतं. ते अप्रामाणिक किंवा कपटी हेतूनं केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्याचा पासवर्ड कपटानं वापरण्यासाठी ६६-सी हे वेगळं कलम आहे. समोरचा माणूस चोरीची कॉपी वापरत होता म्हणून ही कलमं बाजूला पडत नाहीत.

इन्स्टॉल करताना 'आय ॲग्री' दाबलं होतं. मग तीच परवानगी झाली ना?

पासवर्ड काढून घेऊ असं त्या करारात स्पष्ट लिहिलेलं नसेल तर परवानगी कशाला दिली? आणि स्पष्ट लिहिलं असतं तर कुणी दाबलंच नसतं.

इन्स्टॉलर चालवण्याआधी तो तपासता येतो का?

पुष्कळ तपासता येतो.

फाइलवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' बघा. सही वैध असेल तर फाइल वाटेत बदललेली नाही, एवढं कळतं. आत काय आहे ते कळत नाही. चोर-टूल कंपनीनंच आत ठेवलं असेल तर सही त्याच्यासकटच केलेली असते.

पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश ही आज्ञा देऊन फाइलचा एसएचए-२५६ ठसा काढा आणि व्हायरस-टोटल या अनेक अँटीव्हायरसनी फाइल तपासणाऱ्या संकेतस्थळावर तो शोधा. तिथे ६५० एमबीपर्यंतची फाइल चढवता येते. विमानांचे इन्स्टॉलर बऱ्याचदा त्याहून मोठे असतात, आणि ठसा सापडतो तो ती फाइल आधी कुणी तिथे चढवलेली असेल तरच.

बरेच ॲड-ऑन इनो सेटअप या इन्स्टॉलर बनवणाऱ्या टूलमध्ये बांधलेले असतात. इनो-एक्स्ट्रॅक्ट हे मोफत टूल इन्स्टॉलर न चालवता आतल्या फाइलींची यादी दाखवतं. यादीत टेक्श्चर, साउंड, डीएलएल दिसणारच. त्यात 'टेस्ट', 'टेम्प', 'हेल्पर' अशा नावाची सुटी ईएक्सई दिसली तर तेवढीच बाहेर काढा आणि व्हायरस-टोटलला दाखवा. २०१८ मध्ये टेस्ट.ईएक्सईचं बिंग असंच फोडता येत होतं, कारण ते टूल जुनं आणि ओळखीचं होतं.

विंडोज प्रो असेल तर विंडोज सँडबॉक्स (मूळ विंडोजपासून वेगळं, तात्पुरतं विंडोज) चालू करून तिथे इन्स्टॉलर चालवता येतो. खिडकी बंद केली की सगळं पुसलं जातं. होम आवृत्तीत ही सोय नाही. आणि एक मर्यादा आहे. ठरावीक सिरीयल दिसला तरच चालणारी फाइल सँडबॉक्समध्ये गप्प बसेल. म्हणून आतल्या फाइलींची यादी बघणं जास्त कामाचं.

हे सगळं दर वेळी कोण करणार? एकदाच करता येईल असं काही सांगा.

वेगळं विंडोज खातं. याहून स्वस्त आणि मस्त उपाय नाही.

तीन खाती करा. एक ॲडमिन, ज्यात कधी ब्राउझर उघडायचा नाही आणि एकही पासवर्ड ठेवायचा नाही. दुसरं रोजच्या कामाचं, साधं 'स्टँडर्ड'. तिसरं सिमसाठी, तेही स्टँडर्ड. सिमच्या खात्यातून इन्स्टॉलर चालवला की विंडोज ॲडमिनचा पासवर्ड मागतं आणि प्रोग्रॅम ॲडमिनच्या नावानं चालतो. डीपीएपीआय खात्यागणिक वेगळी असल्यामुळे त्याला रोजच्या खात्यातले पासवर्ड सरळ उलगडता येत नाहीत, आणि ॲडमिनच्या क्रोममध्ये काही नसतंच.

ॲडमिन हक्क मिळालेला हट्टी प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर दबा धरून बसू शकतो, हे खरं. पण इन्स्टॉलरमधली तयार टूलं एवढी मेहनत घेत नाहीत.

असं आधी कधी झालं होतं का? नंतर?

२००८ मध्ये जी-आर्कायव्हर नावाचं छोटं सॉफ्टवेअर होतं, जीमेलची प्रत कॉम्प्युटरवर उतरवून देणारं. एका प्रोग्रॅमरनं ते उलगडून पाहिलं तेव्हा प्रत्येक वापरकर्त्याचं युजरनेम आणि पासवर्ड निर्मात्याच्या जीमेल खात्यावर पाठवणाऱ्या ओळी आत सापडल्या. त्या खात्याचा पासवर्डही तिथेच उघडा लिहिलेला होता. खात्यात तशी १,७७७ पत्रं जमली होती. चाचणीसाठी लिहिलेल्या ओळी चुकून राहिल्या, असं स्पष्टीकरण आलं. चुकून असो की मुद्दाम, उघड्या पासवर्डमुळे ते खातं कुणाच्याही हाती जाऊ शकत होतं.

जून २०२३ मधलं माइनक्राफ्टच्या मॉडचं 'फ्रॅक्चरायझर' प्रकरण वेगळं. तिथे कर्सफोर्ज आणि बकिट या ठिकाणांवरच्या मॉडमध्ये बाहेरच्यांनी पासवर्ड आणि कुकीज चोरणारा भाग घुसवला होता. तिथे वापरकर्ते आणि मूळ निर्माते दोघेही नाडले गेले. हा फरक लक्षात ठेवावा, नाहीतर ज्यांच्याशी भांडायचं नाही त्यांच्याशी आपण भांडतो.

कंपनीनं माफी मागितली, फाइल काढली. पुन्हा विश्वास ठेवायचा का?

फ्लाइट सिम लॅब्सनं फाइल नसलेला इन्स्टॉलर लगेच दिला आणि खेदही व्यक्त केला. ते जमेस धरा. पण आम्ही माफीपेक्षा उत्तरं मोजतो. किती जणांवर टूल चाललं? मिळालेलं कुठे ठेवलं, कुणी पाहिलं, कधी पुसलं? बाहेरच्या माणसाकडून इन्स्टॉलर तपासून घेतला का? हे प्रश्न कुठल्याही निर्मात्याला विचारा. 'आमच्यावर विश्वास ठेवा' हे उत्तर आलं तर ते उत्तर नाही.

विश्वास गेल्यावर काय होतं, तेही याच प्रकरणात दिसलं. त्याच वर्षी काही महिन्यांनी विंडोजच्या सिस्टीम फोल्डरात 'सीएमडीहोस्ट' नावाची फाइल लोकांना सापडली. ती लायसन्स-संरक्षणाचा भाग असल्याचं कंपनीनं सांगितलं. एरवी दोन ओळींच्या खुलाशावर मिटलं असतं. आता विंडोजच्याच फाइलसारखं नाव घेऊन सिस्टीम फोल्डरात बसलेली प्रत्येक गोष्ट संशयाची झाली होती.

मी स्वतः ॲड-ऑन बनवून विकतो. चोरी कशी रोखू?

तुमची अडचण खरी आहे. दोन-तीन वर्षांचं काम आठवड्यात फुकट फिरायला लागलं की पोट जळतं. सिरीयल नेटवरून तपासा, सक्रिय कॉम्प्युटरची संख्या मर्यादित ठेवा, बनावट सिरीयल आला की सॉफ्टवेअर चालूच देऊ नका, अपडेट आणि मदत फक्त नोंदणीकृत ग्राहकाला द्या. तुमच्या प्रोग्रॅमनं आपल्या फोल्डराबाहेरची एकही फाइल वाचू नये, ही रेघ पक्की धरा. काय पाठवता ते इन्स्टॉलरच्या पहिल्या पानावर साध्या भाषेत लिहा आणि जे जातं ते एचटीटीपीएसवरूनच जाऊ द्या.

नको ते ॲड-ऑन अनइन्स्टॉल केलं. झालं का?

अर्धंच. टेम्प फोल्डर रिकामं करा. टास्क शेड्यूलर आणि स्टार्टअपमध्ये त्याची नोंद उरली आहे का बघा. सर्व्हिसेसच्या यादीतही एक नजर टाका. शेवटी डिफेंडरच्या 'एक्सक्लूजन्स' यादीत जा. इन्स्टॉल करताना वगळलेलं फोल्डर बहुतेकांच्या कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं तसंच वगळलेलं राहतं. ते तिथून काढा आणि त्या फोल्डरावर एक पूर्ण स्कॅन चालवा.